चार वाजताची ड्यूटी

सोमनाथ गायधनींनी आयुष्यात जेवढा छापील कागद पाहिला, तेवढा अख्ख्या नाशिकमध्ये दुसऱ्या कोणी पाहिला नसेल, आणि त्यातला एक शब्दही त्यांनी कधी वाचलेला नव्हता. ऐकायला विचित्र वाटेल, पण नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये ज्यांनी नोकरी केली त्यांना विचारा. तपासणीच्या टेबलावर माणूस वाचायला बसत नाही. समोर ताव येतो, माणूस तो बघतो. शाई फुटली का, रेघ सरकली का, कोपरा दुमडला का. चांगला ताव उजवीकडे, खराब ताव डावीकडे, की घ्या पुढचा. मजकूर सगळ्या तावांवर एकच, तो वाचत बसलात तर दोष निसटलाच म्हणून समजा. उमेदवारीत शिकलेला हा धडा गायधनींनी निवृत्त होईपर्यंत पाळला, आणि निवृत्त झाल्यावर सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही.

एकदा चुलतभावाच्या मुलीची लग्नपत्रिका आली. आशाबाई तेव्हा बहिणीकडे गेल्या होत्या. गायधनींनी पत्रिका खिडकीपाशी उजेडात धरली, तिरकी केली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि निकाल दिला, "गणपतीचा सोनेरी रंग केसभर खाली घसरलाय." मग नवा सदरा घालून, आहेराचं पाकीट घेऊन ते पळशाला पोचले, तर मांडववाला कनाती सोडत होता. लग्न आदल्या दिवशी लागलं होतं.

त्यांच्या बायकोचं, म्हणजे आशाबाईंचं, अगदी उलट. जेल रोडवरच्या त्यांच्या रो हाउसला पुढे छोटासा व्हरांडा आहे. तिथल्या वेताच्या खुर्चीत दुपारी चार ते पाच त्या वाचत बसायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचा हा नेम. मुलाच्या, अमितच्या साखरपुड्यातही चार वाजता नवऱ्या मुलाची आई गायब झाली, आणि शोधाशोध केल्यावर कार्यालयाच्या कोठीघरात तांदळाच्या पोत्यावर बसलेली सापडली, मांडीवर पुस्तक. चार ते पाच फोन करायचा नाही, हे सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं. गायधनींना या नेमाचा त्रास एवढाच, की चारचा चहा घरी मिळायचा नाही. तो ते बिटको चौकात जाऊन प्यायचे, खाजाभाई शेखांबरोबर. प्रेसमध्ये दोघांची टेबलं शेजारी शेजारी होती आणि आता घरंही एका गल्लीच्या अंतरावर होती.

हे असंच चाललं असतं. पण आशाबाईंच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. डावा डोळा लहानपणापासून नावापुरताच, सगळं वाचन उजव्याच्या जिवावर. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला आणि सांगितलं, "काही दिवस पालथं झोपायचं. बसलात तरी मान खाली. वाचन पूर्ण बंद. पुढे किती दिसेल ते महिन्याभराने बघू."

अमित पुण्याला परत जाताना मोबाइलवर पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप घालून गेला. आशाबाईंनी ते एक दिवस ऐकलं.

"ती बाई थांबतच नाही हो," पलंगाच्या कडेवरून मान खाली सोडून त्या फरशीला म्हणाल्या. "म्हटलं, अगं जरा थांब, हा दिनकर कोण? तर चालली आपली पुढे. आणि कुणी मेलं काय, कुणी भजी तळली काय, आवाज तोच."

"मग आता?"

"तुम्ही वाचा."

"मी?" गायधनींनी इकडेतिकडे पाहिलं, जणू घरात आणखी कोणी होतं.

"हे बघा, दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. ते माझ्या हातात नाही," आशाबाई म्हणाल्या. "पण चारची वेळ मोडली ना, तर मी मोडेन. मला फार भीती वाटते आहे. तेवढी वेळ सांभाळा माझी."

आशाबाई अशा कधी बोलायच्या नाहीत. गायधनींची पाचावर धारण बसली आणि ते हो म्हणाले.

पुस्तक कोणतं ते आशाबाईंनीच सांगितलं. वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात खालच्या खणात तपकिरी पुठ्ठा बांधलेली जाड कादंबरी आहे, नाव पुसलं गेलंय, आत यमुना नावाची बाई आहे, ती कधीपासून मनात आहे, तीच आणा. गायधनी गेले. कपाटातून पुस्तक काढलं, कानाशी धरून पानं फडफडवली, कडा चाचपल्या आणि टेबलावरच्या बाईंना म्हणाले, "मॅडम, शेवटचं पान नाही. मुळाशी चिटुरकं तेवढं राहिलंय."

"जुनं आहे काका. न्यायचं असलं तर न्या."

गायधनींनी नेलं. एवढ्या जाड पुस्तकात एक पान कमी म्हणजे काही फार नाही, असं त्यांना वाटलं. पान कमी म्हणजे शेवट कमी, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. जन्मभर ज्याने सगळे ताव एकसारखे पाहिले, त्याला शेवटचं पान वेगळं असतं हे कुठून कळणार?

पहिल्या दिवशी त्यांनी जे वाचलं त्याला वाचन म्हणणं म्हणजे वाचनाचा अपमान. स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगतात, तसं ते एका दमात सांगत सुटले. कुठे थांबायचं, कुठे चढायचं, काही नाही. थांबायचे ते भलत्याच ठिकाणी. "यमुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती... हा 'ण' तुटलाय. टाइप झिजलेला होता."

"ती काय?"

"कोण?"

"यमुना हो! पाणी आलं आणि ती काय?"

"थांब, बघतो. हां. ती हसली."

आशाबाईंनी उशीत तोंड खुपसलं. पण तक्रार केली नाही, कारण गरज त्यांना होती आणि गरजवंताला अक्कल नसते, हे त्यांना ठाऊक होतं.

खरा घोळ दोन-तीन दिवसांनी उघडकीला आला. कादंबरी अशी, की यमुनेचा नवरा भांडून आफ्रिकेला निघून गेलेला. पोटासाठी तिने खानावळ काढली. तिथे एक मास्तर जेवायला यायचे, तिचे हिशेब बघायचे, तिच्या बाजूने गावाशी भांडायचे. त्या दिवशी गायधनींनी पान उलटलं आणि वाचलं, "मास्तरांच्या तेराव्याला यमुनेने वांग्याची भाजी केली."

"थांबा," आशाबाई म्हणाल्या. "मास्तर गेले कधी?"

"कुठे?"

"अहो, मेले कधी? कालपर्यंत नुसते खोकत होते!"

गायधनींनी मागचं पान पाहिलं. "ते मधल्या पानात असेल. ते मी बाद केलं."

"बाद केलं म्हणजे?"

"दोन्ही बाजूंना शाई पसरली होती. खराब होतं."

आशाबाईंना हसू आलं आणि रडूही. "मग तुम्ही ते वाचलंच नाही?"

"खराब माल पुढे कसा पाठवायचा?" गायधनी मनापासून म्हणाले. "याच्या आधीही तीन-चार केलेत. कोपरे दुमडून ठेवलेत."

"अहो, पुस्तकातलं पान बाद करता येत नाही! माणूस मेला त्या पानात, आणि तुम्ही त्याला डावीकडे टाकला!"

मग ते सगळे दुमडलेले कोपरे उलगडून मेलेले मास्तर पुन्हा जिवंत करून रीतसर मारावे लागले. आशाबाईंनी मास्तरांसाठी दोन अश्रू ढाळले, ते सरळ फरशीवर पडले. रडलेलं डोळ्याला चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, गायधनींचे तेवढेही झाले नाहीत. एका दुपारी भारताची मॅच होती. चौकातल्या दुकानात टीव्हीसमोर ते खाजाभाईंबरोबर उभे राहिले ते उभेच. एक ओव्हर, आणखी एक ओव्हर करता करता सहा वाजून गेले. घरी आले तर आत सामसूम. आशाबाई पलंगावर पालथ्या होत्या, मान खाली, आणि खाली फरशीवर ते तपकिरी पुस्तक उघडं होतं. डाव्या, नावापुरत्या डोळ्याने त्या पानावर अक्षरं शोधत होत्या. नाक जवळजवळ कागदाला लागलं होतं.

"आशा! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मला वाचायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज रडून घोगरा झाला होता. "अक्षरं दिसतात का, एवढंच बघत होते. नुसत्या मुंग्या दिसतात हो."

गायधनींना आपली इतकी लाज वाटली, की कुठे बसावं ते कळेना. ते फरशीवरच बसले, पुस्तक हातात घेतलं आणि सहा वाजता चारचं वाचन सुरू केलं. मॅच कोण जिंकलं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशीही विचारलं नाही.

त्यानंतर मात्र त्यांनी ही गोष्ट जशी करता येत होती तशी करायला घेतली, म्हणजे ड्यूटी म्हणून. प्रेसमध्ये आत शिरताना खिसे रिकामे करावे लागायचे. तसा त्यांनी खोलीच्या दाराबाहेर स्टीलचा ट्रे ठेवला. पावणेचारला हात धुवायचे, मोबाइल, पाकीट, किल्ल्या ट्रेमध्ये टाकायच्या, चष्मा पुसायचा, आत जायचं. पाच वाजेपर्यंत बाहेर यायचं नाही. खाजाभाई चहाला बोलवायला आले तर त्यांनाही ट्रे दाखवला.

"सोमनाथ, तू आणि किताब?" खाजाभाई दारात उभे राहून हसले. "अरे, रेशन कार्डावरचं स्वतःचं नाव तरी कधी वाचलंस का?"

"आत यायचं तर खिसे रिकामे कर. नाही तर जा."

खाजाभाईंनी गंमत म्हणून खिसे रिकामे केले आणि आत स्टुलावर बसले. त्या दिवशी सावकाराच्या सांगण्यावरून यमुनेच्या खानावळीवर गावाने बहिष्कार टाकला. दुसऱ्या दिवशी खाजाभाई चार वाजायच्या आधीच हजर. ट्रेमध्ये स्वतःहून मोबाइल टाकत म्हणाले, "वहिनी, घरी रेहानाला सगळं सांगितलं रात्री. ती म्हणते, त्या सावकाराच्या तोंडात कोणी का मारत नाही? नाही कळलं तर मला जेवायला वाढणार नाही म्हणाली."

दिवस गेले. आशाबाई पालथ्याच्या उताण्या झाल्या, मग उशीला टेकून बसू लागल्या, पण वाचायला मनाईच होती. इकडे गायधनींचा आवाज बदलत चालला. सावकार बोलला की तो जाड व्हायचा, यमुना बोलली की खाली यायचा. मास्तरांची आठवण निघाली की गायधनींना खोकला यायचा. एकदा पान वाचून झालं तेव्हा खाजाभाई पुढे वाकले आणि बोट ठेवून म्हणाले, "अरे, या पानावर अख्ख्या दोन ओळी वाकड्या गेल्यात!"

"असतील," गायधनी म्हणाले. "पुढे ऐक, नवऱ्याचं पत्र आलंय."

आणि मग एका दुपारी पुस्तक पाचला मिटताना त्यांना उजवीकडे उरलेली पानं दिसली. थोडीशीच होती. त्यांच्या शेवटी ते चिटुरकं होतं. गायधनींनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. नवरा बोटीवर बसला होता. तो येणार, दार वाजवणार, आणि यमुना दार उघडणार की नाही, हे त्या फाटलेल्या पानात होतं.

त्यांनी खाजाभाईंना बाहेर नेऊन हे सांगितलं. खाजाभाईंनी कपाळावर हात मारला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला? आणि आत्ता सांगतोस?"

दोघांनी मग मोहीमच काढली. वाचनालयात विचारलं, एवढी एकच प्रत. स्कूटरवरून नाशिकमध्ये गेले, द्वारका चौकातल्या सिग्नलला उन्हात भाजून निघाले, जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. दुकानदार विचारायचा, पुस्तकाचं नाव काय? नाव पुसलेलं. लेखक? पहिलं पानही बांधणीत गेलेलं. "यमुनेची आहे," गायधनी सांगायचे. "खानावळ आहे तिची." एकाने त्यांना खानावळीचा पत्ताही सांगितला.

"सरळ सांगून टाक वहिनींना," खाजाभाई म्हणाले.

"आत्ता? चार-पाच दिवसांत डॉक्टरकडे जायचंय. दिसणार की नाही ते कळायचंय. तिला मी म्हणू, बाई गं, एवढे दिवस ऐकलंस, शेवट नाही?"

ते हळूहळू वाचू लागले. जो माणूस पहिल्या दिवशी एक्सप्रेस गाडीसारखा सुटला होता, तो आता प्रत्येक शब्दाला थांबा घेऊ लागला. पण डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी आशाबाईंनी साफ सांगितलं, "आज संपवा. उद्या ते काय सांगतील कोण जाणे. आजच्या आज मला हे संपलेलं हवं."

चार वाजले. ट्रेमध्ये किल्ल्या पडल्या. खाजाभाई स्टुलावर बसून फरशीकडे बघत राहिले. गायधनी वाचत वाचत शेवटच्या ओळीला आले. रात्र झाली होती, दारावर थाप पडली होती, बाहेरून ओळखीचा आवाज आला होता. "यमुना उठली. तिने कडीला हात लावला."

पुढे उघडा पुठ्ठा होता. त्यावर वाचनालयाचा पुसट शिक्का.

आशाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. गायधनींनी घसा साफ केला, पुठ्ठा थोडा वर धरला आणि वाचू लागले.

"यमुनेने दार उघडलं. दारात तो उभा होता. म्हणाला, आत येऊ का? ती म्हणाली, या. मग तिने चहा टाकला. त्याला बिनसाखरेचा दिला."

खाजाभाईंनी मान वर केली.

"तो म्हणाला, यमुने, मी इतकी वर्षं घरातच होतो," गायधनींनी पुठ्ठ्यावरून बोट फिरवत म्हटलं. नवरा इतकी वर्षं आफ्रिकेत होता हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. "घरात होतो, पण तुला नुसता बघत राहिलो. काही मोडलं तर नाही ना, दुखलं तर नाही ना, एवढंच बघायचो. तू काय बोलतेस, कशाला हसतेस, ते कधी नीट ऐकलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. आता मला सवय लागली आहे. उद्या तुझ्या डोळ्यांचं काहीही होवो, तू घाबरू नकोस. मी रोज चारला येत जाईन. रविवारीसुद्धा."

अख्ख्या कादंबरीत यमुनेच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. खाजाभाईंनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"मग?" आशाबाईंनी विचारलं.

"मग ती म्हणाली, बरं. समाप्त."

 आशाबाईंनी पदराने डावा डोळा टिपला, उजव्याला हात लावायचा नव्हता. "छपाई कशी आहे हो शेवटच्या पानाची?" त्यांनी विचारलं.

गायधनींनी कोऱ्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. "स्वच्छ," ते म्हणाले. "एकही डाग नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बराच वेळ उजेड मारून तपासलं आणि सांगितलं, पडदा चांगला बसलाय. चष्मा बदलेल, थोडं अंधुक राहील, पण वाचा, रोज थोडं थोडं. गायधनींना इतका आनंद झाला, की त्यांनी डॉक्टरांच्या हातातला कागद उजेडात न धरता तसाच खिशात घातला. परत येताना वाचनालयापाशी रिक्षा थांबवून त्यांनी तपकिरी पुस्तक दिलं आणि एक नवं आणलं. घरी आल्यावर ते आशाबाईंच्या हातात ठेवलं. मग तिथेच घोटाळत राहिले.

"आता माझी ड्यूटी संपली म्हणायची," ते म्हणाले. त्यांनी दाराबाहेरचा ट्रे उचलला, पण कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

आशाबाई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या. "ते यमुनेचं पुस्तक मी आधी वाचलेलं होतं," त्या सहज म्हणाल्या. "अमित शाळेत होता तेव्हा. शेवटचं पान तेव्हाही नव्हतं."

गायधनींच्या हातातला ट्रे वाजला. "मग तेच का आणायला लावलंस?"

"म्हटलं, हे काही शेवटपर्यंत जायचे नाहीत. उगीच एखादं चांगलं पुस्तक अर्धवट राहायला नको." त्या हसल्या, आणि मग हसता हसता थांबल्या. "इतकी वर्षं ती बाई माझ्या डोक्यात कडीला हात लावून उभी होती हो. काल तुम्ही तिला दार उघडू दिलंत."

 गायधनींचे कान लाल झाले होते.

आशाबाईंनी नवं पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं. "हे तपासून आणलंत का?"

"तपासलं. शेवटचं पान जागेवर आहे."

"मग हे माझं मी वाचीन," आशाबाई म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा वाचनालयात जा, आणि शेवट फाटलेलं आणखी एखादं आहे का ते विचारा."

चार वाजायला अजून वेळ होता. गायधनींनी ट्रे परत दारापाशी ठेवला आणि चपला घातल्या.